बांधलेले पाय

पनवेल, २१ डिसेंबर २०२४

पूर्वीस,

वर आशीर्वाद लिहायचा की नाही, यावर मघापासून पेन चावत पडलेय. तू तो घेशील असं वाटत नाही. म्हणून नुसतं नाव लिहिलं.

फोन तू उचलत नाहीस. तुझ्या भावाच्या, परेशच्या फोनवर लावला तरी माझा आवाज ऐकला की ठेवतेस. तुझं माहेर करंजा काही परदेशात नाही, एसटीत बसलं की तासा-दीड तासाचा रस्ता, पण सध्या मला बसताच येत नाही. मंगळवारी सकाळी पडवीची पायरी धुताना घसरले. खुबा मोडला. ऑपरेशन करून आत लोखंड घातलंय. आता भंगारवालाही मला दारात उभं करून घेईल.

हस की. तू आपल्या घरात होतीस तेव्हा माझ्या अशा बोलण्यावर पदराआड हसायचीस, मी बघितलंय.

अक्षर वाकडं आलं तर समजून घे, उताणी पडून लिहितेय. शाळेत आम्ही ‘नाय’ म्हटलं की गुरुजी छडी मारायचे, त्यामुळे माझं लिहिणं पुस्तकासारखं आणि बोलणं खाडीकाठचं. त्या बोलण्याचे चटके तुला वर्षभर पुरलेत. लिहिण्यात तरी बरी असेन असं वाटतं.

काम असं आहे. १५ जानेवारीला कल्पेशचं वर्षश्राद्ध आहे. तू त्याची बायको आहेस. आभाला घेऊन ये. लोक काय म्हणतील म्हणून सांगत नाही. म्हणजे, त्यासाठीही सांगते, पण आभाला बघून मला अकरा महिने झाले. सहा वर्षांची पोर अकरा महिन्यांत किती बदलत असेल. कल्पेश तिला रविवारी कर्नाळ्याला पक्षी दाखवायला न्यायचा आणि दोघं एकही पक्षी न बघता काकड्या खाऊन परत यायचे. तिला ते आठवतं का, एवढं तरी कळव.

इथे दवाखान्यात माझ्या दोन्ही पोटऱ्यांना निळे पट्टे गुंडाळलेत. त्यांच्या नळ्या पायथ्याशी टांगलेल्या पेटीत जातात. पेटी फुसकन हवा भरते, पाय आवळते, मग सोडते. कल्पेश टँकरवरून डोक्यावर पडला तेव्हा त्याला लावले होते, अगदी तसेच. मी सिस्टरला म्हटलं, “काढ गो ते, मना नाय सोसत.” ती म्हणाली, “आजी, माणूस पडून राहिला की पायांत रक्त साकळतं, गुठळी होते. ती वर छातीत गेली तर जिवाशी खेळ. ती होऊ नये म्हणून हे आहेत.” जसं काही मला ठाऊकच नाही.

रोज पोटात एक सुईही टोचतात, रक्त पातळ करणारी. तीच ती. माझ्या वेळी कुणी सहीवरून घोळ घातला नाही बघ. कागद पुढे आला आणि तुझ्या सासऱ्यांनी ठोकली सही.

हे लिहून झाल्यावर खोडावं असं वाटलं. पण खोडलं तर तू उजेडात धरून वाचशील. राहू दे.

कल्पेश त्या आठवड्यात अर्धवट ग्लानीत मला ‘आये’ म्हणाला होता. तुला काही म्हणाला नाही. ते मी गावभर सांगितलं, तुझ्या कानावर आलं असेलच.

वर्षश्राद्धाला ये.

वेणूबाई जगन घरत


पनवेल, २७ डिसेंबर २०२४

पूर्वी,

काल परेश शहाळी घेऊन मला बघायला आला होता. तुला न सांगता आला, तेव्हा त्याला ओरडू नकोस. चांगला मुलगा आहे. मी त्याच्या बहिणीला भर भावकीत काय काय बोलले ते ऐकूनही त्यानं माझ्या उशाशी बसून शहाळं फोडून दिलं.

त्याच्याकडून आभाचं कळलं. टॉन्सिल एवढे वाढलेत की झोपेत तिचा श्वास अडकतो, घोरता घोरता मधेच सगळं थांबतं आणि तू तिला हलवून जागी करतेस. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलंय. तीनदा तारीख मिळाली. परेश म्हणाला, “तिन्ही येला कागुद पुढं आला नि ताईचा हातच चालला नाय. पेन धरून बसतंय, घाम फुटतोय, नि पोरीला उचलून परत येतंय.” त्यानं स्वतः सही करायची तयारी दाखवली, तर दवाखान्यातले म्हणाले आई समोर असताना मामाची कशी चालेल.

तो गेला तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून पडले. जेवण आलं तसं परत गेलं.

पूर्वी, तुझा हात का चालत नाही ते मला कळलं. तो मी धरून ठेवलाय.

तो तिसरा दिवस आठवतोय तुला? कामोठ्यातल्या त्या सोसायटीत पाणी सोडताना कल्पेश टँकरच्या टपावरून खाली काँक्रीटवर पडला, त्याचा तिसरा दिवस. दुसऱ्यांदा स्कॅन झालं. डॉक्टरांनी आपल्याला दोघींना बाजूला घेऊन नीट समजावलं. मेंदूतला रक्तस्राव होता तेवढाच आहे, वाढला नाही. पण गडी हलत नाही, पायांत गुठळी व्हायची भीती आहे. तर रक्त पातळ करायचं इंजेक्शन आता सुरू करावं. डोक्यातलं रक्त त्यानं पुन्हा वाढेल असा थोडा धोका आहे, म्हणून सही लागेल. तू विचारलंस, “सर, एक-दोन दिवस थांबलं तर?” ते म्हणाले, “थांबू शकतो. तोवर पट्टे आहेतच.”

गावाला एवढंच ठाऊक आहे की पूर्वीनं सही केली नाही. तू ते विचारण्याआधी काय झालं ते गावाला ठाऊक नाही. मी तुला कॅन्टीनच्या जिन्यात गाठलं होतं. “डोक्यात रगत व्हातंय आनि ह्ये रगत पातल करनार? तू सई केलीस नि माज्या पोऱ्याला काय झालं, तर मी तुना दारात उभी नाय करनार.” हेच शब्द होते ना? तू कुणालाही सांगितलं नाहीस. एवढी भांडणं झाली, माझी शेजारीण तुझ्या अंगावर धावून गेली, तरी ‘सासूच म्हणाली होती’ असं तू कधी बोलली नाहीस. मी वाट बघत होते तू बोलण्याची. तू बोलली असतीस तर मी कानावर हात ठेवले असते, खोटं पाडलं असतं तुला. ते तुला माहीत होतं बहुतेक.

तीन दिवस तू झोपली नाहीस. सहाव्या दिवशी सकाळी डॉक्टर पुन्हा म्हणाले तेव्हा मला न विचारता सही केलीस. दहाला सुई दिली. चारला माझा मुलगा धाप लागून गेला.

तेव्हा मी ओरडले की तुझ्या सहीनं मारलं. मग डॉक्टरांनी सांगितलं, इंजेक्शनचा यात काही दोष नाही, पायात आधीच झालेली गुठळी फुप्फुसात गेली, इंजेक्शन उशिरा सुरू झालं एवढंच. तर मी लगेच फिरले. मग उशीर का केलास, तू थांबलीस म्हणून गेला. सही केलीस म्हणून बोलले आणि नाही केलीस म्हणूनही बोलले. तुला उभं राहायला कुठे जागाच ठेवली नाही.

थांबायला मीच लावलं होतं. हे लिहून देते. हे पत्र कुणालाही दाखव.

आता मनात काही नाही. आभाच्या कागदावर सही कर.

वेणू


पनवेल, ६ जानेवारी २०२५

पूर्वी बाय,

मागच्या पत्रात ‘आता मनात काही नाही’ असं लिहिलं, ते खोटं होतं. घरी येऊन आठ दिवस झाले आणि रोज त्या वाक्याशी माझी मारामारी चालली आहे. तू आधीची पत्रं फोडलीस की चुलीत घातलीस ते मला माहीत नाही. म्हणून हे रजिस्टर पाठवतेय, पोचपावतीसकट. हे घ्यायला तुला सही करावी लागेल. नाही केलीस तर परत येईल आणि मला कळेल.

दुपारी एक ते पाच कल्पेशजवळ माझी पाळी असायची. तू तेव्हा घरी आभाला जेवू घालायला जायचीस. आयसीयूच्या बाहेरची ती चार खाटांची खोली, एका वेळी घरचं एकच माणूस.

पहिल्याच दुपारी मी आत गेले. अंगावर पांढरी चादर, दोन्ही पाय सरळ, जवळ जवळ ठेवलेले, पोटऱ्या बांधलेल्या, आणि दोन्हींच्या नळ्या एकाच पेटीत. माणूस गेला की पायांचे अंगठे दोऱ्यानं एकत्र बांधतात, तुमच्याकडेही बांधत असतील. माझ्या सासऱ्यांच्या वेळी तो दोरा मीच आणून दिला होता. जित्या माणसाचे पाय कुणी बांधत नाही. कल्पेश लहान असताना झोपेत पायांना गोधडी गुंडाळून घ्यायचा, तर मी उठून सोडवायचे.

सिस्टरला म्हटलं, “पोऱ्याचं पाय कनाला बांधलं? सोडा.” तिनं समजावलं. गुठळी, छाती, सगळं सांगितलं. मी ऐकलं. अडाणी होते म्हणून केलं असं म्हणायची सोय नाही मला. कारण ऐकलं आणि तरीही केलं.

ती गेली की मी ते पट्टे सोडायचे. सोडायला काही लागत नाही, शाळेच्या बुटांना असतो तसला चिकटणारा पट्टा, चर्र करून निघतो. पेटी कुंई कुंई करायला लागली तर भिंतीवरचं बटण बंद केलं. पाचच्या आधी पुन्हा गुंडाळायचे, बटण लावायचं. वरून चादर. कुणाला काय दिसणार? त्याचे पाय मोकळे झाले की मला श्वास घेता यायचा. वाटायचं, मी इथे बसून त्याला धरून ठेवलंय, डॉक्टरांना काय कळतंय. पाच दुपारी मी हे केलं. सहाव्या दुपारी केलं नाही, कारण तो त्याआधीच धापा टाकायला लागला होता.

आता पुढचं. ‘आये’ म्हणाला हे मी गावभर सांगितलं. तो एकच शब्द म्हणाला नव्हता. तिसऱ्या दुपारी मी पट्टे सोडून बाजूला ठेवले आणि त्यानं डोळे न उघडता ओठ हलवले. “आये, चेप.”

मला काय झालं म्हणून सांगू. मुलगा बोलला. माझ्याशी बोलला, मला पाय चेपायला सांगतोय, तापात पडला की लहानपणी सांगायचा तसंच. मी रडत रडत त्याच्या पोटऱ्या चेपल्या, किती वेळ ते आठवत नाही. तू पाच वाजता आलीस तेव्हा तुला ‘आये’ तेवढं सांगितलं. ‘चेप’ सांगितलं असतं तर तू विचारलं असतंस, पट्टे होते ना, मग चेपलं कसं?

दवाखान्यातले दहा-बारा दिवस तेच पट्टे माझ्या पायांना होते. मला वाटायचं ते जखडत असतील, आवळत असतील. नाही गं. पहिले दोन दिवस मी रागानं त्यांच्याकडे बघत होते, मग तिसऱ्या दिवशी डोळा लागला आणि मला वाटलं पायथ्याशी कुणीतरी बसून पाय चेपतंय. थोडं दाबतंय, सोडतंय, पुन्हा दाबतंय. इतकं बरं वाटलं की झोपेत मी आईला हाक मारली. जागी झाले तर पेटी चालली होती.

तेव्हा मला कळलं तो काय मागत होता. मी काढून घेतलं होतं ते परत मागत होता.

डॉक्टर तुला म्हणाले होते, “तोवर पट्टे आहेतच.” मी शेजारीच उभी होते. तू ज्यांच्या भरवशावर थांबलीस, तेच मी दुपारी सोडून ठेवत होते. तो गेल्यावर डॉक्टरांनी विचारलं, “पट्टे सतत होते ना?” सिस्टरनं तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, “व्हतं. येकदा नाय काढलं.” आणि त्याच संध्याकाळी तुझा हात धरून तुला अंगणात काढली. माझ्या जावेनं, कृष्णाबाईनं, अंगठे बांधायला दोरा मागितला, तो मात्र माझ्याजवळ तयार होता.

घरी सोडताना मी हाडाच्या डॉक्टरांना आडून विचारलं, कुणी दुपारचे तीन-चार तास पट्टे काढले तर काय होतं. ते म्हणाले, “आजी, नक्की कुणीच सांगू शकत नाही. पट्टे असूनही कधी गुठळी होते, नसताना होत नाही. पण लावतो ते काढू नयेत म्हणूनच ना?” मग म्हटलं, आणि डोक्यात रक्तस्राव झालेल्याच्या बायकोनं सुईच्या सहीला तीन दिवस घेतले तर? ते लगेच म्हणाले, “त्यात तिची काय चूक? त्या निर्णयाला आम्हीसुद्धा दहादा विचार करतो. उशीर आणि घाई दोन्हींत धोका असतो.” तुझ्याबद्दल विचारलं तर त्यांना क्षणभरही लागला नाही. माझ्याबद्दल विचारलं तेव्हा ते आधी माझ्याकडे बघत राहिले.

नक्की सांगता येत नाही, या शब्दांना धरून मी आणखी वर्षभर गप्प बसू शकले असते. मला ते जमतं, मला ओळखतेस तू. पण आभाचा श्वास अडकतोय. तुझ्या हातात जे ओझं आहे ते माझं आहे, मला परत दे. तू चुकीची सही केली नाहीस आणि थांबलीस तेही चुकीचं नव्हतं. तू विचार केलास. त्या खोलीत विचार करणारी तू एकटीच होतीस.

माफ कर असं लिहिणार नाही. तेवढं तोंड नाही माझ्याजवळ.

वेणू


पनवेल, १६ जानेवारी २०२५

पूर्वी बाय,

माझं रजिस्टर तू घेतलं नाहीस. पोस्टमन दोनदा दारातून परत गेला, पत्र आता पोस्टात पडून आहे, असं काल परेशनं सांगितलं. तो वर्षश्राद्धाला आला होता. तू येणार नाहीस हे मला कळायला हवं होतं, तरी मी सकाळपासून वॉकर घेऊन तीनदा दारापर्यंत गेले.

तुला मी सगळ्यांसमोर बोलले होते, तेव्हा परतही सगळ्यांसमोरच घ्यायला हवं होतं. भटजी उठले, पानं मांडायची होती, ओटीवर पंचवीस-तीस माणसं. मी वॉकर धरून उभी राहिले आणि म्हटलं, “जेवाच्या आदी आयका. कल्पेसच्या पायाचं पट्टे मी काढत व्हते. रोज दुपारी. सिस्टर नको बोल्ली तरी. सई करू नको, ह्ये पन तिला मीच सांगलं. पूर्वीचा काय गुना नाय. मी खोटी बोल्ले.”

मला वाटलं होतं कुणीतरी थोबाडीत मारेल. तसं झालं असतं तर बरं. माझी जाऊ कृष्णाबाई म्हणाली, “वेनू, गप ऱ्हा. दुखन्यानं डोकं फिरलंय तुजं.” कुणी म्हणालं, गेलेला माणूस परत येतो का, कनाला उकरतेस. कुणी पाटावर जाऊन बसलंही. तू बाहेरची, कोळ्यांची पोर, तुझ्यावर ढकलणं त्यांना सोपं होतं, आणि ते सोपं मीच करून दिलं होतं. आता ते तसंच राहू दे म्हणतात. माझ्यावर दया करतात आणि तुला सोडत नाहीत. मी पुन्हा सांगितलं, मोठ्यानं. तिसऱ्यांदा सांगताना आवाज फुटला. परेश जायला निघाला होता, चपला घातल्या होत्या त्यानं. त्या काढून तो परत आत आला आणि शेवटपर्यंत भिंतीला टेकून उभा राहिला. मग न जेवता गेला.

तुझे सासरेही जेवले नाहीत. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. ते रजिस्टर त्यांनीच पोस्टात नेऊन टाकलं होतं, न विचारता. काल ते मागच्या दारानं गेले आणि दिवे लागल्यावर आले. माझ्याकडे बघितलं नाही.

डॉक्टरांनी मला पस्तीस दिवस ती पोटातली सुई सांगितली आहे. रोज सकाळी आठला तुझे सासरेच देतात. दवाखान्यातून निघताना सिस्टरनं त्यांना शिकवलं, पोटाची वळी चिमटीत धरायची आणि सरळ टोचायची. मिठागरात तडकलेले ते हात, पहिल्या दिवशी दोनदा चिमटी सुटली होती. आज सकाळी मला वाटलं येणार नाहीत. आठ वाजले. ते हात धुऊन आले, चिमटी धरली, सुई दिली, कापूस दाबून धरला. त्यांच्या मुलाला ज्या सुईला उशीर झाला, ती माझ्या पोटात त्यांनी वेळेवर दिली. मी तोंडात पदर घालून रडले. ते कापूस टाकायला बाहेर गेले.

हे तुला सांगून काय उपयोग, माहीत नाही. पण दुसरं कुणी नाही मला सांगायला.

पोस्टात जा बाय. मला शिव्या द्यायला का होईना, पण जा.

वेणू


पनवेल, २२ जानेवारी २०२५

पूर्वी बाय,

आज शेवटची सुई झाली. कापूस दाबून धरल्यावर तुझे सासरे नेहमीसारखे उठले नाहीत. सदऱ्याच्या खिशातून त्यांनी एक कार्ड काढलं आणि माझ्या पोटावर ठेवलं. पोचपावतीचं. काल पोस्टमननं त्यांच्या हातात दिलं होतं, एक दिवस त्यांनी ते स्वतःजवळच ठेवलं.

“तिनं सही केली,” म्हणाले. सात दिवसांत पहिला शब्द. आणि मग ते रडले. वर्षभरात मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं. मी त्यांना हात लावला नाही, तेवढा हक्क आता उरलाय की नाही कळेना. पण ते माझ्या खाटेवरच बसून रडले, उठून दुसऱ्या खोलीत गेले नाहीत.

कार्डावर १७ तारीख आहे. परेशचा फोन आला होता. म्हणाला, मी वर्षश्राद्धाला जे बोलले ते त्यानं तुला शब्दन् शब्द सांगितलं. दोन दिवसांनी तू उठून एकटीच पोस्टात गेलीस. पत्र वाचून काय म्हणालीस, ते मी त्याला विचारलं नाही. तू माझ्याकडे येऊ नकोस. आभाला मला दाखवलं नाहीस तरी ते बरोबरच आहे, मी कुणाला तक्रार सांगणार नाही. उद्या सकाळी तिची चौथी तारीख आहे, हे मात्र मी परेशकडून काढून घेतलं. हे पत्र तोच आज घ्यायला येणार आहे, म्हणजे दवाखान्यात जायच्या आधी तुला मिळेल.

कार्ड माझ्या हातात आहे. पूर्वी कल्पेश घरत, पूर्ण नाव लिहिलंयस. पहिली दोन अक्षरं हललीत, पुढची सरळ आहेत. आभाच्या कागदावर अशीच कर. हात हलला तरी चालतो, बाय.

वेणू